कार्य निघालं की रंग

लग्नकार्य निघालं की घराला रंग लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मैत्रिणींनो, स्टेडियमचंही तसंच असतं. हे मला पुण्याच्या बालेवाडीत कळलं.

लेकीची राज्यस्तरीय शालेय स्पर्धेसाठी निवड झाली आणि आम्ही मायलेकी गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून पुण्याला पोचलो. गावी ती शाळेच्या मुरमाच्या मैदानावर, फक्कीने आखलेल्या रेघांमध्ये धावते. पडली की गुडघ्यातले खडे वेचायचे, हळद लावायची, झालं! बालेवाडीचा सिंथेटिक ट्रॅक दिसताच ती आधी वाकून त्यावर हात फिरवायला लागली. "आई, हा तर दबतो वं!"

हे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. ऑक्टोबर २००८मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धांना ७१ देशांची मुलं येणार म्हणून त्याचं नूतनीकरण झालं. जुलै २०१३मध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा इथेच झाल्या आणि आपल्या मुलींनी ४ बाय ४०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलं. २०२२मध्ये महिलांच्या आशियाई करंडकाचे फुटबॉल सामनेही इथे रंगले.

ट्रॅक म्हणजे डांबरी थरावर पॉलियुरेथेनने बांधलेले रबराचे दाणे. जाडी जेमतेम १३ मिलिमीटर. ऊन, पाऊस आणि खिळ्यांच्या बुटांनी तो झिजतो. काही वर्षांनी वरचा थर नव्याने घालावाच लागतो. म्हणजे नूतनीकरण ही हौस नाही. पण कार्याला रंग लावला तरी रोजचा केर कोणी काढायचा, हा प्रश्न उरतोच.

लेक ट्रॅक बघत होती. मी मात्र कपडे बदलायची खोली शोधत होते. दाराला कडी आहे ना, नळाला पाणी आहे ना? कारण दहावीत माझं धावणं सुटलं ते पाय थकले म्हणून नव्हे. आमच्या मैदानावर साधा आडोसा नव्हता. घरून निघताना पाणी प्यायचं नाही, हा आम्हा मुलींचा नियम. पाळीच्या दिवसांत तर घरीच. एक दिवस आई म्हणाली, "पुरे आता." मीही भांडले नाही. ते न भांडणं आजही सलतं.

बालेवाडीत दाराला कडी होती. आत जाऊन मी उगाच दोनदा लावून पाहिली.

लेक सहावी आली. परतीच्या गाडीत विचारते, "आई, आपल्याकडे असा ट्रॅक कधी होणार?"

गावी आल्यावर आम्ही चार आयांनी मिळून अर्ज लिहिला. त्यात ट्रॅक दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिली मागणी : मुलींसाठी कडी लागणारी खोली, आणि ती रोज उघडणारं माणूस.