सजदा घाईत होतोय का? कपाळ, नाक, कोपर, पाय आणि थांबणं, नीट समजून घेऊ

पाच वेळच्या नमाजेत फर्ज रकाती १७. प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे रोजचे ३४ सजदे नुसत्या फर्जाचे. सुन्नत आणि वित्र धरले तर आकडा जवळपास दुप्पट. एवढ्या वेळा करायची गोष्ट अंगवळणी पडते, आणि अंगवळणी पडली की घाईची होते. जुम्म्याच्या दिवशी जमातीची नमाज इमामासोबत शांतपणे होते. त्यानंतरच्या सुन्नती मात्र बघा. कुणाचं दुकान उघडं असतं, कुणाची एसटी निघायची असते, कुणाला मोटर चालू करायला रानात परतायचं असतं. मग कपाळ जमिनीला लागलं न लागलं की माणूस वर, आणि नीट बसला न बसला की परत खाली.

अशा नमाजेबद्दल इस्लाममध्ये फार कडक बोललं गेलंय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गावातली बरीच मुस्लिम मुलं झेडपीच्या मराठी शाळेत शिकतात. घरात दख्खनी, शाळेत मराठी, आणि नमाज शिकवणारी पुस्तकं उर्दूत. लहानपणी मकतबात जे बघून शिकलं तेच आयुष्यभर चालतं. म्हणून हे मराठीत. आपल्या जिल्ह्याला ते नवीनही नाही, श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीतच.

आधी शब्द पाहू. ‘मशीद’ म्हणजे अरबीतलं ‘मस्जिद’, आणि त्याचा सरळ अर्थ सजदा करायची जागा. नमाजेत उभं राहणं आहे, कमरेत वाकणं म्हणजे रुकू आहे, बसणं आहे, पण जागेला नाव मिळालं ते सजद्याचं. नगर शहरातली दमडी मशीद कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी दमडी दिली त्यातून ती उभी राहिली, असं सांगतात. ती असो की वाडीवरची पत्र्याची मशीद, नावाचा अर्थ तोच.

आपल्याकडे साष्टांग दंडवत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात आठ अंगं धरतात आणि माणूस पूर्ण आडवा होतो. सजद्यात सात अंगं टेकतात आणि शरीर दुमडलेलं राहतं. ही सात अंगं पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे: कपाळ, दोन हात, दोन गुडघे आणि दोन पायांची बोटं. कपाळ सांगताना त्यांनी हाताने नाकाकडेही खूण केली, म्हणून नाक कपाळासोबतच धरतात. अडचण नसताना नाक अधांतरी ठेवणं चुकीचं.

खाली कसं जायचं?

आपल्या भागात बहुतेक लोक हनफी पद्धतीने नमाज पढतात. त्यात ‘अल्लाहु अकबर’ म्हणत आधी गुडघे टेकतात, मग हात, मग नाक आणि कपाळ. उठताना उलटा क्रम: कपाळ, हात, शेवटी गुडघे. अहले हदीस मंडळींमध्ये आधी हात टेकायची पद्धत आहे. दोन्हींना हदीसचा आधार दिला जातो. पारावर बसून यावर वाद घालणाऱ्यांना वाटतो तेवढा हा मुद्दा मोठा नाही.

खाली गेल्यावर तळहात कानांच्या बाजूला, बोटं जुळलेली आणि किब्ल्याकडे. आपल्याकडून किब्ला साधारण पश्चिमेला, नेमकं बोलायचं तर पश्चिमेपासून दहाएक अंश उत्तरेकडे. कोपरं जमिनीवर पसरायची नाहीत. कुत्रं पुढचे पाय पसरून बसतं तशी कोपरं टाकू नका, असं हदीसमध्ये स्पष्ट आहे. पुरुषांनी पोट मांडीपासून आणि दंड बरगडीपासून सुटे ठेवायचे. पण जमातीत शेजाऱ्याच्या छातीत कोपर रुतेल इतके नाहीत.

पायांकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते मागे असतात. सजद्यात दोन्ही पायांची बोटं जमिनीला लागलेली आणि वाकवून किब्ल्याकडे हवीत. काहींचे पाय कपाळ टेकताच हवेत उठतात. पूर्ण सजदाभर दोन्ही पाय उचललेले राहिले तर तो सजदाच होत नाही, असं हनफी उलेमा सांगतात. मागच्या सफमधल्या ओळखीच्या माणसाला एकदा बघायला सांगा, लगेच कळेल.

टोपीचंही तसंच. थंडीत कानटोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली असते, मग जमिनीला कपाळ लागतच नाही, लोकर लागते. सजद्याआधी ती वर सरकवावी. बायांनी ओढणी आणि केसांच्या बटांचं तेवढंच बघावं. बायांच्या सजद्याची ठेवण हनफी पद्धतीत वेगळी आहे: अंग आवरून, पोट मांडीला लावून, हात जमिनीला टेकवून. अहले हदीसमध्ये बाया आणि पुरुषांची पद्धत एकच मानतात. घरात जे शिकवलंय त्यावर राहावं.

थांबणं हाच खरा मुद्दा

एक माणूस मशिदीत आला, नमाज पढला आणि पैगंबरांना सलाम करायला गेला. त्यांनी सलामाचं उत्तर दिलं आणि सांगितलं, जा, परत पढ, तुझी नमाज झाली नाही. तो परत पढून आला, पुन्हा तेच उत्तर. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, मला याहून चांगली येत नाही, तुम्हीच शिकवा. तेव्हा त्यांनी जे शिकवलं त्यात प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते: रुकूत जा आणि स्थिर हो, सरळ उभा राहा, सजद्यात जा आणि स्थिर हो, उठून बस आणि स्थिर हो. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. त्या माणसाची चूक घाईची होती.

याला ‘तादील-ए-अरकान’ म्हणतात. सोप्या भाषेत, नमाजेच्या प्रत्येक अवस्थेत शरीराची हालचाल थांबून सांधे जागच्या जागी येणं. किती वेळ? निदान एकदा ‘सुब्हानल्लाह’ म्हणता येईल इतका. हे कमीत कमी. दुसऱ्या हदीसींत घाईच्या सजद्याला कावळ्याने चोच मारल्याची उपमा आहे, आणि जो रुकू-सजदा पूर्ण करत नाही त्याला सगळ्यांत वाईट चोर म्हटलंय, कारण तो आपल्याच नमाजेतून चोरतो. खळ्यावर दाणे टिपणारा कावळा ज्याने पाहिलाय त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

सजद्यात कमीत कमी तीनदा ‘सुब्हाना रब्बियल आला’ म्हणायचं. अर्थ असा की माझा सर्वोच्च रब पवित्र आहे. रुकूत ‘अजीम’ म्हणजे महान म्हणतो, आणि सजद्यात ‘आला’, सगळ्यांत उंच. माणूस स्वतः सगळ्यांत खाली असतो तेव्हा तोंडी शब्द येतो तो सगळ्यांत वरचा. एवढा अर्थ माहीत झाला तरी तीन तसबीह गिळून टाकाव्याशा वाटत नाहीत. बंदा आपल्या रबच्या सर्वांत जवळ असतो तो सजद्यात, तेव्हा दुआ जास्त करा, असं मुस्लिम शरीफच्या हदीसमध्ये सांगितलंय. हनफी मतानुसार फर्ज नमाजेत तसबीहवर राहावं आणि लांब दुआ नफल नमाजेत अरबीत कराव्यात. सलाम फेरल्यावर हात उचलून मराठीत मागा, दख्खनीत मागा, कुणाची हरकत नाही.

दोन सजद्यांमधली बैठक म्हणजे जलसा. सगळ्यांत जास्त चोरी होते ती इथे. पाठ सरळ करून बसायचं, ‘रब्बिगफिर ली’, म्हणजे रब, मला माफ कर, एवढं म्हटलं तरी आपोआप थांबणं होतं.

वेळ जातो म्हणणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. प्रत्येक सजद्यात तीन सेकंद जास्त थांबलात तर ३४ सजद्यांचे १०२ सेकंद. दिवसाची पावणेदोन मिनिटंसुद्धा नाहीत.

जमातीत आणखी एक. इमामाच्या आधी खाली जायचं नाही, आधी वरही यायचं नाही. पैगंबरांचं कपाळ जमिनीला टेकेपर्यंत मागचे सहाबा पाठ वाकवत नसत, अशी नोंद आहे. आपल्याकडे मात्र ‘अल्ला’ कानावर पडताच अर्धी सफ खाली गेलेली असते.

शेतात, उन्हात

रानात नमाज पढायला चटईच हवी असं नाही. जमीन पाक असली की बस. फक्त कपाळ टेकल्यावर खालचं दबून पुढे दबायचं थांबलं पाहिजे, म्हणजे कपाळाला टणकपणा जाणवला पाहिजे. उसाच्या पाचटावर, कडब्यावर, कापसाच्या ढिगावर, जाड फोमच्या गादीवर ही अडचण येते. तिथे कपाळ नीट दाबून टेकवावं, नाहीतर दोन पावलं सरकून मोकळी जमीन बघावी. उताराच्या वावरात कपाळाची जागा पायांच्या जागेपेक्षा वीतभराहून जास्त उंच नसावी.

एप्रिल-मे महिन्यात ईदगाहच्या किंवा मशिदीच्या अंगणातली फरशी तापते. अशा वेळी कपाळाखाली रुमाल किंवा उपरण्याचा पदर घ्यायला हरकत नाही. अरबस्तानच्या उन्हात सहाबा कपड्याचं टोक पसरून त्यावर सजदा करत, हे बुखारीत आलंय. चटका सोसून कपाळावर डाग पाडून घेण्यात काही पुण्य नाही. काहींच्या कपाळावर घट्टा पडतो तो त्वचेचा भाग आहे, त्यावरून कुणाची नमाज मोजू नये.

मधेच विसरलं, एक सजदा झाला की दोन, तर? सजदा फर्ज आहे. राहून गेला असेल तर नमाज संपायच्या आत तो करावाच लागतो, आणि वर शेवटी सजदा-ए-सहव, म्हणजे विसरल्याचे दोन सजदे. नुसत्या सहवने राहिलेला सजदा भरून निघत नाही.

गुडघे साथ देत नाहीत तेव्हा

खुरपणी, कांदा लागवड, ऊसतोड, आयुष्य उकिडवं बसण्यात गेलेल्या माणसांचे गुडघे साठीनंतर बोलू लागतात. मग काही म्हातारी माणसं मशिदीत यायचंच बंद करतात, सजदा जमत नाही तर नमाज कसली म्हणून. काही जण कळ सोसून खाली जातात आणि उठताना दोघांना हात द्यावा लागतो. दोन्हींची गरज नाही. इम्रान बिन हुसैन या सहाबींना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारलं तेव्हा पैगंबरांनी सांगितलं, उभ्याने पढ, नाही जमलं तर बसून, तेही नाही तर कुशीवर. बुखारीतच आहे हे.

ज्याला सजदा करताच येत नाही त्याने बसून इशाऱ्याने करावा. शक्य असेल तर जमिनीवर बसून, नाही तर खुर्चीवर. रुकूला थोडं वाकायचं, सजद्याला त्याहून जास्त. एवढा फरक दिसला की झालं. समोर टेबल ठेवायची किंवा उशी उचलून कपाळाला लावायची गरज नाही. जमातीत खुर्चीचे मागचे पाय सफच्या रेषेत घ्यावेत, म्हणजे मागच्याच्या सजद्याची जागा अडत नाही. मात्र ज्याला थोडा त्रास सोसून का होईना खाली जाता येतं, जो दिवसभर वावरात बसतो-उठतो, त्याने केवळ सोयीसाठी खुर्ची ओढू नये. आपण कोणत्या गटात मोडतो हे ठरवताना अडलं तर गावच्या मौलानांना गुडघ्याची परिस्थिती खरी सांगून विचारावं. उभं राहता येतं पण सजदा होत नाही, अशा माणसाने किती वेळ उभं राहायचं यात मतभेद आहेत आणि उत्तर प्रत्येकाच्या तब्येतीवर बदलतं.