अंधारातल्या फोटोतले दाणे: ग्राहक नाराज होण्याआधी फोटो असा साफ करा



लग्नसराई असो की रामनवमीची पोहरादेवीची यात्रा, वाशिम जिल्ह्यात फोटोचं बरंचसं काम उजेड कमी असतानाच येतं. रात्रीची वरात, मंडपातला पिवळा बल्ब, भजनाची बैठक. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो. कॉम्प्युटरवर उघडला की काळ्या भागात रवा सांडल्यासारखे दाणे! यालाच नॉइज म्हणतात. ग्राहकाला हा शब्द माहीत नसतो. तो एवढंच म्हणतो, "फोटो साफ नाही आला हो," आणि पुढचं काम दुसऱ्या स्टुडिओला देतो.

दाणे येतात कुठून?

सेन्सरवर प्रकाश कमी पडला की खरा सिग्नल कमजोर असतो. आयएसओ वाढवला की सिग्नलसोबत गडबडही मोठी दिसते. रेडिओचा आवाज वाढवला की खरखरही वाढते ना, तसंच. मोबाईलचा सेन्सर लहान, म्हणून तिथे त्रास जास्त. पण आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि नंतर उजळायचा, यातही फायदा नाही. सावलीतले दाणे वर येतात. म्हणून एक्सपोजर जागेवरच बरोबर ठेवा आणि जमेल तिथे रॉ फाइलमध्ये काढा.

साफ करण्याचा क्रम

1. फोटो 100 टक्के झूम करून बघा. लहान करून बघितलं तर दाणे लपतात.

2. आधी रंगीत दाणे काढा, म्हणजे काळ्या कोटावरचे लाल-हिरवे ठिपके. लाइटरूममध्ये 'कलर' स्लायडर त्यासाठीच आहे. याने बारकावे फारसे जात नाहीत.

3. मग 'ल्युमिनन्स' हळूहळू वाढवा. खरी परीक्षा इथे आहे. जास्त ओढला की नवरीचा चेहरा मेणाचा आणि आजीच्या सुरकुत्या गायब! आजी आजीसारखी दिसली पाहिजे. थोडे दाणे राहिले तर चालतील.

4. शार्पनिंग शेवटी करा. आधी केलं तर दाणेच धारदार होतात.

लाइटरूममध्ये 2023 पासून एआयवर चालणारं 'डिनॉइज'ही आहे. पैसे गुंतवायचे नसतील तर डार्कटेबल आणि गिम्प ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. रॉ फाइलसाठी डार्कटेबलमधलं 'डिनॉइज प्रोफाइल्ड' वापरा. गिम्पमध्ये फिल्टर्स, एन्हान्स, नॉइज रिडक्शन असं जा. लेयरची कॉपी करून तिच्यावर फिल्टर लावा आणि मास्कने डोळे, केस, दागिने मूळ फोटोतले ठेवा.

वस्तू ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी

बंजारा भरतकामाचा फेटिया किंवा पिशवी विकायची आहे? इथे नॉइज रिडक्शन जपून वापरा. टाका, आरसा, कवडी हीच त्या मालाची किंमत. फिल्टरने धागा पुसला गेला तर हाताचं काम मशीनच्या छापासारखं दिसतं, मग ग्राहक भाव पाडून मागणारच.

त्यापेक्षा ही युक्ती करा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, काहीही न हलवता, एकाच सेटिंगवर चार फोटो काढा. गिम्पमध्ये चार लेयर करा आणि खालून वर ओपॅसिटी 100, 50, 33, 25 ठेवा. चारही फोटोंची सरासरी निघते. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, म्हणून ते साधारण निम्मे होतात. धागा मात्र जागचा हलत नाही. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सकाळी खिडकीजवळ फोटो काढा!

वेळेचा हिशेब

प्रत्येक फोटोवर मेहनत नको. 4×6 इंची प्रिंटला 300 डीपीआयने 1200×1800, म्हणजे साधारण 22 लाख पिक्सेल पुरतात. 24 मेगापिक्सेलचा फोटो तेवढा लहान झाला की बरेच दाणे आपोआप मिटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर जाणाऱ्या फोटोचंही तेच. वेळ द्या तो अल्बमच्या मोठ्या पानांना आणि फ्रेमच्या फोटोंना.

या आठवड्याचा गृहपाठ

रात्रीचा एक फोटो घ्या. मूळ, थोडा साफ केलेला आणि भरपूर साफ केलेला, अशा तीन मोठ्या प्रिंट काढा. काही न सांगता घरच्यांना दाखवा. कोणती निवडतात ते वहीत लिहा. तुमच्या स्लायडरचा आकडा तिथेच सापडेल.

चला तर, कामाला लागा!