श्रेयांक विद्यार्थ्याला, मालकी कोणाला?

इंटर्नशिप आणि प्रकल्पांना नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांक मिळवून दिले, याचे कौतुक भरपूर झाले. त्या श्रेयांकांची किंमत मात्र कोणी विचारली नाही. केंद्राच्या २०१९ च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणानुसार, विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेर आणि संस्थेची साधने न वापरता काही घडवले, तर ते सर्वस्वी त्याचे. तेच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून घडले, तर मालकी संस्थेसोबत सामाईक. म्हणजे श्रेयांकांची चौकट जितकी रुंदावेल, तितके विद्यार्थ्याचे स्वतःचे म्हणावे असे काम आक्रसत जाईल.

सामाईक मालकी ऐकायला न्याय्य वाटते. पण १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ५० पाहा. वेगळा करार नसेल, तर प्रत्येक सहमालकाला पेटंट स्वतःपुरते वापरता येते, तेही दुसऱ्याला हिशेब न देता. परवाना द्यायचा किंवा आपला हिस्सा विकायचा, तर बाकीच्यांची संमती लागते. ज्याच्याकडे ना कारखाना ना भांडवल, त्या पोराने ‘स्वतःपुरते’ काय वापरायचे? त्याची सगळी भिस्त परवान्यावर, आणि तो अडतो कॉलेजच्या समितीच्या पुढच्या बैठकीपाशी. (ती कधी होते, हे वाचकांना ठाऊक आहेच.) कंपनीत तर मालकीचा प्रश्न रुजू होतानाच निकालात निघतो. कॉपीराइट कायद्याचे कलम १७ नोकरीसोबत अप्रेंटिसशिपचाही उल्लेख करते: उलट करार नसेल, तर तिथे घडलेल्या कृतीची पहिली मालक कंपनीच. इंटर्न त्यात बसतो की नाही, यावर वाद घालता येईल. म्हणूनच कंपन्या ऑफर लेटरमध्ये हक्क-हस्तांतरणाचे कलम घालून ठेवतात आणि स्टायपेंडच्या आकड्यावर नजर असलेला विद्यार्थी सही करून मोकळा होतो.

प्रयोगशाळा कॉलेजची, मार्गदर्शक कॉलेजचा, डेटा कंपनीचा. मग त्यांना काहीच मिळू नये का? जरूर मिळावे, पण उत्पन्नात वाटा म्हणून. नकाराधिकार कशाला? गुगलच्या पेजरँकचे पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होते, लॅरी पेज फक्त संशोधक. तरीही काही अडले नाही, कारण विद्यापीठाने परवाना दिला, बदल्यात शेअर घेतले आणि पुढे ते सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलरना विकले. तिथे संपूर्ण मालकी विद्यापीठाकडे असूनही संशोधन बाजारात पोचले. आपल्याकडे अर्धी मालकी मिळूनही ते फायलीत अडकू शकते. कलम ५० वेगळ्या कराराला मुभा देते, तेव्हा कायदा बदलण्याचीही गरज नाही. प्रकल्पाच्या नोंदणी अर्जातच दोन ओळी हव्यात: परवान्याला संस्थेची संमती आधीच दिलेली आहे, आणि उत्पन्नातला तिचा वाटा इतका.