इंधन-पुरवठ्याचे समायोजन, लष्करी ट्रकमधील

डीझेल एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात योग्य क्षणी व योग्य मात्रेत इंधन जाईल, अशा रीतीने अंतःक्षेपण पंप जुळवून घेण्याच्या क्रियेस इंधन-पुरवठ्याचे समायोजन म्हणतात. डीझेल एंजिनात शिरणाऱ्या हवेवर सामान्यतः नियंत्रण नसते. शक्ती कमीजास्त होते ती इंधनाच्या मात्रेमुळे. म्हणून एंजिनाची शक्ती, धूर व आयुष्य या मात्रेवर अवलंबून असतात.

बॉश या जर्मन कंपनीने १९२७ मध्ये अशा पंपांचे उत्पादन सुरू केले. जबलपूर येथे एम. ए. एन. या जर्मन कंपनीच्या परवान्याने तयार होणारा ‘शक्तिमान’ ट्रक भारतीय सेनेत दीर्घकाळ वापरात होता. अशा सहा सिलिंडरांच्या एंजिनाच्या सरळ रांगेतील पंपात प्रत्येक सिलिंडरासाठी एक दट्ट्या असतो. दट्ट्या वर जाताना छिद्र झाकतो तेव्हा पुरवठा सुरू होतो आणि त्याच्यावरील तिरकस कड छिद्र उघडते तेव्हा थांबतो. दातेरी पट्टी सरकवून दट्ट्या फिरविला की ही कड लवकर वा उशिरा पोहोचते व मात्रा बदलते. पट्टीवर नियंत्रण गतिनियंत्याचे असते. तिची कमाल मर्यादा ठरविणाऱ्या स्क्रूवर सामान्यतः मोहर लावतात.

समायोजनापूर्वी हवेची गाळणी, झडपांतील फट, तोट्यांचा फवारा व अंतःक्षेपणाचा क्षण तपासतात. कारण यांतील दोष पंपाच्या दोषासारखेच भासतात. नंतर पंप चाचणी-मंचावर ठराविक वेगाने फिरवून प्रत्येक दट्ट्याने दिलेले इंधन अंशांकित काचनळ्यांत मोजतात व सर्व मात्रा समान करतात.

बुलढाणा जिल्ह्यात मलकापूरकडील पायनघाटातून राजूर घाटाने बुलढाण्यास चढताना भारित ट्रक मंदावतो. तेव्हा कमाल मर्यादेचा स्क्रू सैल करण्याचा मोह होतो. परंतु १ किग्रॅ. डीझेल पूर्ण जळण्यास सु. १४.५ किग्रॅ. हवा लागते व प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक हवा असावी लागते. जादा इंधन अर्धवट जळून काळा धूर होतो, सिलिंडराच्या भिंतीवरील वंगण धुऊन जाते, तापमान वाढते व अखेर दट्ट्या अडकू शकतो. लष्करी ताफ्याच्या बाबतीत हा धूर शत्रूस ठावठिकाणाही दाखवितो.

उंचीनुसार हवा विरळ होते. बुलढाण्याच्या सु. ६५० मी. उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सु. ६ टक्के, तर लेहच्या सु. ३,५०० मी. उंचीवर सु. ३० टक्के कमी असते. म्हणून उंच प्रदेशात कमाल मात्रा घटवावी लागते. अशा वेळी शक्ती वाढविण्याऐवजी भार कमी करणे व खालचा गिअर वापरणे हाच योग्य उपाय होय.