तक्ते जितके मोठे, लढाई तितकी खरी?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा फाशांचा भूमिका-खेळ टेबलावर मांडला की एक वाद हमखास निघतो. तलवारीचे तीन घाव खाऊन वीर ताठ उभा कसा? चिलखत घातले म्हणून वार चुकतो कसा? मग कोणीतरी 'खऱ्या' नियमांची मागणी करतो: शस्त्रागणिक वेगळा तक्ता, अवयवागणिक वेगळी जखम. तपशील वाढला की खरेपणा वाढतो, असा समज त्यामागे असतो. तो तपासायला वऱ्हाडातलीच एक लढाई पुरेशी आहे.

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात आडगाव आहे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी दुपार कलल्यावर तिथे इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीची फौज नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्यासमोर आली. मराठ्यांच्या तोफा धडाडू लागल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या तीन पलटणींनी कच खाल्ली. माणसे रांगा सोडून मागे पळाली. हे शिपाई नवखे नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत त्यांनीच मर्दुमकी गाजवली होती. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना थोपवले, पुन्हा रांगेत उभे केले आणि मग चाल केली. आपण तिथे जवळ नसतो तर लढाई हातची गेली असती, असे त्याने नंतर पत्रात लिहिले. संध्याकाळपर्यंत त्याने 38 तोफा जिंकल्या होत्या. त्याच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे 360 होते.

म्हणजे दिवसाचे पारडे हलले ते जखमांनी नव्हे, भीतीने.

आता हीच लढाई नियमांपुढे ठेवून पाहावी. 1980 साली आलेल्या 'आर्म्स लॉ' या नियमपुस्तकात प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र तक्ता आहे आणि त्यात चिलखताचे 20 प्रकार. वार कुठे बसला, हाड मोडले की रक्त वाहिले, हे तो बारकाईने सांगतो. पण आडगावच्या पलटणी का पळाल्या, हा प्रश्न असल्या तक्त्यांच्या कक्षेबाहेरचा. उलट 1981 च्या सुटसुटीत 'बेसिक' डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये प्रत्येक राक्षसाला धैर्याचा एक आकडा दिलेला असतो. गटातला पहिला गडी पडला किंवा निम्मे कामी आले की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली, तर उरलेले पळतात किंवा शरण येतात. नियम दोन ओळींचा, पण आडगावच्या जास्त जवळचा. अमूर्त नियम म्हणजे आळशी नियम, हा आरोप इथेच गळून पडतो.

सर्वांत जुना गैरसमज हिट पॉइंटांचा. पात्र किती मार सोसते ते सांगणारे हे आकडे म्हणजे अंगातले रक्त, असे धरले की सगळेच हास्यास्पद वाटते. 1971 च्या 'चेनमेल' या युद्धखेळात साधा सैनिक एका फटक्यात मरत असे. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा एक निर्माता, मिनेसोटातला डेव्ह अर्नेसन, याच्या मंडळींना आपल्या आवडत्या पात्राचा असा झटपट शेवट नकोसा झाला, म्हणून त्याने आपल्या पोलादी युद्धनौकांच्या खेळातून हिट पॉइंटांची कल्पना उचलली. दुसरा निर्माता गॅरी गायगॅक्स याने 1979 च्या नियमपुस्तकात स्पष्टच केले की हिट पॉइंटांत शरीराचा वाटा थोडा; कसब, नशीब, वार चुकवण्याची तयारी यांचा मोठा. त्याच नियमांत एक फेरी तब्बल एका मिनिटाची होती. फासा एकदाच पडे, पण तेवढ्या वेळात कितीतरी हुलकावण्या आणि अडवाअडवी झाली असे धरले जाई. ज्याने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या आखाड्यात लाठीची झुंज पाहिली आहे, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही.

चिलखताचेही तसेच. आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा आकडा, वार 'चुकवत' नाही. तो इजा करणारा वार अवघड करतो. 1978 च्या 'रुनक्वेस्ट'ने दुसरी वाट धरली: चिलखत मार शोषून घेते आणि वीस बाजूंच्या फाशावर 19 किंवा 20 पडले तर घाव डोक्यावर. एका नियमाला एकट्या माणसाचे हातपाय मोजायचे आहेत, दुसऱ्याला झटपट निकाल हवा आहे. दोन्ही प्रामाणिक आहेत, त्यांचे प्रश्न वेगळे.

तपशील की सुटसुटीतपणा, हा वाद खेळाडूंनी काढलेलाही नाही. प्रशियाच्या लष्करात राइसवित्झने 1824 मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि तक्ते घेऊन युद्धखेळ बांधला. 1876 मध्ये व्हर्डी द्यु व्हर्न्वा या अधिकाऱ्याने तक्त्यांचे ओझे टाकून निकाल अनुभवी पंचावर सोपवावा, असे सुचवले. त्याचे म्हणणे गाविलगडावर पारखता येते. 15 डिसेंबर 1803 रोजी कंपनीच्या तोफांनी त्या किल्ल्याच्या बाहेरच्या तटाला खिंडारे पाडली होती, पण आतला दरवाजा बंदच होता. कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीने चढता येईल अशी जागा हेरली, शिडी लावून भिंत ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. शिडी लावण्याची कल्पना तक्त्यात सापडत नाही, ती खेळाडूला सुचावी लागते. कडा किती उभा, वर पहारा आहे का, हे डंजन मास्टरने, म्हणजे खेळातल्या पंचाने, सांगायचे आणि मग कोणता फासा टाकायचा तेही त्यानेच ठरवायचे.