तीस किलोची सूजी

निवृत्त प्राध्यापकाला कॉलेजातून फोन आला की कारण दोहोंपैकी एक असते. एक तर गॅदरिंगला पाहुणा मिळालेला नसतो, नाहीतर एखाद्या समितीत तिसरी खुर्ची रिकामी असते. मला आलेला फोन दुसऱ्या जातीचा होता. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध यंत्राने तपासला होता आणि त्यातला 46 टक्के मजकूर इंटरनेटवर आधीच सापडतो, असा निकाल यंत्राने दिला होता. समितीवर विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ अध्यापक लागतो, तेव्हा आपण यावे.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. घरी फराळाची गडबड. तेवढेच कामातून सुटलो असे मनाशी म्हणत गेलो.

कॉलेज कोल्हापुरातलेच; नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. टेबलावर यंत्राचा अहवाल होता. निम्म्या ओळी तांबड्या रंगात रंगवलेल्या, जणू रंगपंचमीतून निघालेला कागद. समोर मुलगी उभी होती. करवीर तालुक्यातली, घरचे गुऱ्हाळ असलेली. प्रबंधाचा विषयही गुऱ्हाळातले शब्द हाच.

"हे कुठून उतरवलंस?" विभागप्रमुखांनी विचारले.

"कुठूनच नाही, सर. मी स्वतः लिहिलोय."

आमच्या कोल्हापूरच्या लेकी 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगून ठेवतो. मुलगी पुढे म्हणाली, "बी.ए.ला असताना आपल्याच कॉलेजच्या वार्षिकात लेख लिहिलो होतो, सर. त्यातलाच मजकूर पुढं वाढवलाय." तेव्हा यंत्र सांभाळणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनी वार्षिकाची कॉलेजच्या संकेतस्थळावर असलेली प्रत यंत्राला दाखवली. यंत्र म्हणाले, साम्य शून्य. मुलगी गप्प झाली.

आता इथे कायद्याचे काय म्हणणे आहे ते सांगायला हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2018 मध्ये वाङ्मयचौर्याविषयीची नियमावली काढली. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. चाळीस ते साठ असेल तर एक वर्षपर्यंत सुधारलेला प्रबंध द्यायला बंदी. साठाच्या वर गेले की नोंदणीच रद्द. म्हणजे 46 टक्क्यांत या मुलीचे वर्ष जात होते. आणि गावाकडच्या मुलीचे वर्ष जाते म्हणजे नुसते वर्षच जाते असे नाही. "पास झालीस तर पुढचं बघू, नाहीतर स्थळं बघू," असा तिच्या घरचा करार होता, हे मला मागाहून कळले.

आणि मी काय म्हणालो? लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "यंत्र कशाला खोटं बोलेल?"

तरीही एक बुद्धी सुचली. प्रबंधाची प्रत आणि ज्या संकेतस्थळाशी तो जुळला त्या पानाची छापील प्रत, दोन्ही घरी आणली. रात्री जेवणानंतर वाचीत बसलो. सौभाग्यवती स्वयंपाकघरात लाडवांचा रवा भाजत होती. मला मोठ्याने वाचण्याची जुनी खोड आहे. संकेतस्थळावरचे वाक्य मी वाचले, "तीस किलोची सूजी पाठीवर घेऊन हमाल गाडीपर्यंत जातो."

आतून आवाज आला, "अहो, तीस किलो सूजी? कुणाचं लग्न आहे?"

मी पुन्हा वाचले. सूजीच होती. मुलीच्या प्रबंधात तेच वाक्य पाहिले. तिथे होते, "तीस किलोचा रवा पाठीवर घेऊन हमाल गाडीपर्यंत जातो." रवा म्हणजे गुळाची ढेप, हे शाहूपुरीच्या गूळबाजारात कुणालाही विचारा. सौ.चे माहेर कागलकडचे. तिला तर ते पाळण्यात कळलेले. मग आम्ही दोघांनी मिळून मजकूर चाळायला घेतला. लाडू राहिले बाजूला. मुलीने लिहिले होते, "दिवसाला चार आधणे निघतात". काहिलीतला एक घाणा म्हणजे एक आधण. संकेतस्थळावर होते, "दिवसाला चार उकळते पाणी निघतात." चुलवाण, गुळव्या, मळी हे शब्द तेवढे तसेच राहिले होते, कारण त्यांना प्रतिशब्द मिळाला नसावा. अकरा ठिकाणी रव्याची सूजी झाली होती.

हल्ली शब्द बदलून देणारी यंत्रे फुकट मिळतात. दुसऱ्याचा लेख घालावा, प्रतिशब्द घातलेला लेख बाहेर काढावा; हेतू हा की चोरी पकडणाऱ्या यंत्राला तो ओळखू येऊ नये. तसल्या एखाद्या यंत्राला रवा म्हणजे शिऱ्याचा एवढेच ठाऊक होते. आता विचार करा. रव्याची सूजी अडाणी यंत्र करील. पण सूजी वाचून अकराही ठिकाणी गुळाचा रवा, आणि उकळत्या पाण्याचे आधण, अशी उलटी वाट चालायची तर गुऱ्हाळावर जन्म काढलेला माणूस हवा, आणि त्याला चोरीची गरजच काय? पाणी वरून खाली वाहिले होते, आणि वर मुलगी होती.

ही युक्ती माझी नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा देशभरातल्या हस्तलिखितांची कुळे लावावी लागली. असल्या कामात प्रतींमधल्या चुका फार उपयोगी पडतात. शुद्ध पाठ कुठल्याही दोन प्रतींत सारखा असू शकतो; पण तीच विचित्र चूक दोन प्रतींत आढळली तर त्या एकाच घरच्या. जुन्या पुस्तकातून उतरवणाराही असाच सापडतो. मराठीतले न उच्चारलेले अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. त्यानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेल्या विद्यार्थ्याच्या निबंधात मध्येच एखादे "नाहीं" दिसले की मी समजत असे, की आजोबांचे कपाट उघडले गेले आहे.

आपल्या पूर्वजांनी या विषयावर शास्त्रच रचले होते. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हरणावर प्रकरणे लिहिली. शब्दाचे हरण पाच प्रकारचे: एक पद, श्लोकाचा एक चरण, अर्धा श्लोक, पुरा श्लोक, आणि सबंध ग्रंथ. अर्थाच्या हरणाचे वर्गीकरण निराळे. कुणी आरशातल्या प्रतिबिंबासारखी नक्कल करतो, कुणी चित्रासारखी थोडी निराळी, आणि कुणी दुसऱ्याच्या शरीरात आपला जीव घालतो. चोर नाही असा कवी नाही आणि व्यापारीही नाही, असे तो मिश्कीलपणे म्हणतो. महाभारतातला ययाती घेऊन खांडेकरांनी याच कोल्हापुरात कादंबरी लिहिली आणि तिला 1974 चे ज्ञानपीठ मिळाले; तिला कोण चोरी म्हणेल? हा फरक राजशेखराला कळत होता. यंत्राला तो कळत नाही, आणि कळावा अशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही.

कारण यंत्र करते ते काम अगदी साधे आहे. उसाची कांडी पाडावी तशी ते लेखाची कांडी पाडते: पहिले पाच शब्द, मग दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत, मग तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत. प्रत्येक कांडीला एक आकडा देते आणि साठ्यातल्या कोट्यवधी लेखांचे आकडे त्याच्याशी ताडून पाहते. जुळलेल्या कांड्या किती, एवढाच त्याचा हिशेब. आधी कोणाचे आणि मागून कोणाचे, हे त्या हिशेबात नसते. शिवाय साठ्यात जे नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही.

मग आमचे वार्षिक साठ्यात असूनही शून्य का? ते कोडे दुसऱ्या दिवशी त्या तरुण सहकाऱ्यांनीच सोडवले, आणि मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. वार्षिक छापले होते ते जुन्या धर्तीच्या मराठी फाँटमध्ये. छापखान्यांत ते अजून चालतात. त्यात डोळ्यांना 'गूळ' दिसतो, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा चुरा असतो. यंत्राने तो चुरा वाचला आणि साम्य नाही म्हणून सांगितले. युनिकोडमध्ये टंकलेल्या मजकुरातही मौज आहेच. 'गुऱ्हाळ' या शब्दातला अर्धा र दोन निराळ्या रीतींनी टंकता येतो. कागदावर दोन्ही जुळ्या बहिणी, पण ज्या यंत्राला हे शिकवलेले नाही त्याला दोन निराळे शब्द. संकेतस्थळवाल्याने मात्र वार्षिकाच्या पानाचा फोटो काढून अक्षरे ओळखणाऱ्या मोबाइलच्या सोयीने मजकूर उचलला असावा. फोटोला फाँटशी देणेघेणे नसते.

ग्रंथालयाच्या कपाटातून 2021-22 चे छापील वार्षिक काढले. धूळ झटकली. मुलीचा लेख, मुलीचे नाव, आणि अकरा ठिकाणी रवा. संकेतस्थळाच्या पानावर तारीख नव्हतीच. जुन्या पानांच्या प्रती जपून ठेवणारा वेबॅक मशीन नावाचा एक साठा आहे. त्यात त्या पानाची पहिली प्रत 2023 मधली निघाली. एवढ्यावर निकाल देता आला नसता, कारण त्याआधीही ते पान असू शकेल. पण छापील अंकाच्या जोडीला ती पुरावा म्हणून उभी राहिली.

मुलीची एक चूक राहिलीच: स्वतःचा जुना लेख वापरला तर तसा उल्लेख करावा लागतो. ती तळटीप तिने त्याच दिवशी घातली. मी तिची क्षमा मागितली. तिला काय बोलावे सुचेना. "राहू दे की, सर," एवढेच म्हणाली.

घरी मुलाबाळांचे लिखाण असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या लेखातले एखादे आडवळणाचे, फक्त आपल्यालाच सुचेल असे वाक्य घ्यावे, दुहेरी अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधावे. "भारत हा कृषिप्रधान देश आहे" हे वाक्य शोधून काही हाती लागणार नाही. कच्चे खर्डे फाडू नयेत. आणि एखादे यंत्र 'हे माणसाने लिहिलेले नाही' असे छातीठोक सांगू लागले तर जरा थांबावे. ओपन-एआय कंपनीने असले ओळखयंत्र 2023 च्या जानेवारीत काढले आणि जुलैत, नीट ओळखत नाही म्हणून, स्वतःच मागे घेतले.

कोल्हापूरकरांना नक्कल ओळखता येत नाही असे नाही. जून 2025 मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा मोबाइलवरचा फोटो पाहूनच लोकांनी ओरड केली, आणि कंपनीला प्रेरणा भारतातली असल्याचे मान्य करावे लागले. चप्पल एका नजरेत ओळखू येते. लेख वाचावा लागतो.

मुलगी पास झाली. संक्रांतीला काकवीची बाटली घेऊन वडिलांसह घरी आली, सौ.ने तिला रव्याचे लाडू दिले आणि "सूजीचे आहेत हं," म्हणाली.

संकेतस्थळाला आम्ही पत्र लिहिले. उत्तर नाही. परवा सहज ते हमालाचे वाक्य पुन्हा शोधले. आता ते तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही ठिकाणी हमालाच्या पाठीवर तीस किलोची सूजी आहे.