गाडीचे चाक थरथरते तेव्हा

भिवंडीहून कापडाचे तागे आणण्यासाठी आमची व्हॅन आठवड्यातून तीन खेपा घोडबंदर रस्त्याने करते. गाडी पुतण्या चालवतो. गेल्या पावसाळ्यात गायमुख घाटातले खड्डे खाल्ल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले. एका गॅरेजमध्ये अलाइनमेंट करून घेतले. पैसे गेले, थरथर कायम. मग ब्रेक बदलण्याचा सल्ला मिळाला. अखेर काशीमिऱ्याच्या एका टायरवाल्याने गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवले आणि टायरच्या आतल्या बाजूचा लिंबाएवढा फुगवटा दाखवला. म्हणाला, "चाचा, हा हायवेवर फुटला असता तर?" आम्हाला आधी पुतण्याचा चेहरा आठवला, मालाचा विचार नंतर आला.

त्या दिवशी जे समजले ते व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

अलाइनमेंट बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकाच कडेने झिजतो. थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते. रिमला लावलेले छोटे वजन खड्ड्यात गळून पडले किंवा रिमच्या आत चिखल वाळला, तरी चाकाचा तोल जातो. अशी थरथर साधारण ६० ते ८० किलोमीटर वेगाच्या पुढे जाणवते. हादरा स्टिअरिंगला असेल तर पुढची चाके पाहावीत, सीटखाली असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क तपासावी. वेग वाढवतानाच हादरत असेल तर ड्राइव्ह शाफ्ट पाहावा. हळू चालतानाही चाक डगमगत असेल तर टायर फुगला आहे, रिम वाकली आहे किंवा नट ढिले आहेत असे समजावे आणि गाडी तिथेच थांबवावी.

चाक बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाहावेत. फुगलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. टायरवरचे चार आकडे त्याचे वय सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. जुना टायर स्वस्तात मिळाला तरी हे आकडे वाचल्याशिवाय घेऊ नये.

ताग्याची उलटी बाजू पाहिल्याशिवाय आम्ही माल उचलत नाही. टायरची आतली बाजू मात्र कित्येक वर्षे पाहिली नव्हती. आता दर जुम्याला दुकान उघडण्याआधी पुतण्या चारही चाके आतून-बाहेरून पाहतो. दहा मिनिटे लागतात.